पाल्यापासून घरच्या घरी द्रवखत: बादलीत नेमकं काय घडतं आणि फोन कुठे कामाला येतो?

फोनवर 'घरगुती खत' असं शोधलं की शेकडो व्हिडिओ येतात. कोणी सांगतं सात दिवसांत झाड दुप्पट होईल, कोणी सांगतं बाकीची सगळी खतं बंद करा. या लेखात आपण पाला आंबवून द्रवखत कसं करायचं, त्यात खरंच किती ताकद असते, ते कधी वापरायचं, कधी वापरायचं नाही आणि स्मार्टफोनची यात नेमकी काय मदत होते, हे एकेक करून बघणार आहोत.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. घर पालघर जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्यात, दाभोशाला. लेंडी नदीवरचा धबधबा बघायला पावसाळ्यात गर्दी होते ते हेच दाभोसा. इथे जून ते सप्टेंबर धो धो पाऊस, आणि दिवाळीनंतर हळूहळू सगळं कोरडं. भात आणि नागली निघाली की बरीच कुटुंबं कामासाठी बाहेर पडतात. जी घरी राहतात त्यांच्या ताटात हिरवी भाजी यायची तर ती घरामागच्या परसबागेतून. त्यामुळे "खत चाललं की नाही" हा प्रश्न इथे छंदाचा नाही. चुकीच्या सल्ल्याने वांगी-टोमॅटो गेले तर त्या महिन्याची भाजी गेली.

आंबवलेलं पाला-खत म्हणजे काय?

हिरवा पाला बारीक करून पाण्यात किंवा गुळात काही दिवस ठेवायचा, सूक्ष्मजीव तो कुजवतात किंवा आंबवतात, आणि पाल्यातली अन्नद्रव्यं द्रवात उतरतात. तो द्रव गाळून, पाण्यात पातळ करून झाडाच्या बुंध्याशी ओतायचा. एवढंच.

ही कल्पना एका देशाची नाही. युरोपात नेटल नावाच्या खाजऱ्या झुडपाचा पाला पाण्यात कुजवून खत करण्याची जुनी पद्धत आहे. दक्षिण कोरियाचे चो हान-क्यू यांनी कोवळे शेंडे आणि साखर यांचा आंबवलेला रस लोकप्रिय केला. महाराष्ट्रात आपल्याला जास्त माहीत असतं ते जीवामृत. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांनी ते घराघरांत पोचवलं. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. शेजारच्या गुजरातमध्ये नवसारी कृषी विद्यापीठाने केळीच्या खोडाच्या रसापासून 'नोव्हेल' नावाचं द्रवखत तयार केलं आहे.

बादलीच्या आत काय चालतं?

पाला चिरला की पेशी फुटतात. सगळ्यात आधी बाहेर येतं ते पोटॅश, कारण पोटॅशियम झाडाच्या रसात मोकळंच विरघळलेलं असतं. नत्राचं तसं नाही. ते प्रथिनांत अडकलेलं असतं. जिवाणू प्रथिनं तोडतात तेव्हा त्याचं अमोनियम होतं आणि मग ते झाडाला घेता येतं. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांत पाणी रंगीत दिसलं तरी खत तयार झालेलं नसतं.

पाण्यातला प्राणवायू जिवाणू लवकर संपवतात. मग प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू जोर धरतात आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. तो मुख्यतः गंधकाच्या वायूंचा. रोज ढवळलं की थोडा प्राणवायू आत जातो आणि वास आटोक्यात राहतो. पूर्ण जात नाही. ज्यांना वास अजिबात चालत नाही त्यांनी बादली घरापासून लांब ठेवायची.

गूळ घातला की खेळ वेगळा होतो. गूळ पाल्यातला रस ओढून घेतो, कैरीला मीठ लावल्यावर पाणी सुटतं तसा. मग लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू आणि यीस्ट साखर खातात, द्रव आंबट होतो, पीएच ४ च्या खाली जातो. एवढ्या आंबटपणात सडवणारे जिवाणू टिकत नाहीत, म्हणून हा रस बरेच दिवस राहतो. लोणचं टिकतं त्यातला अर्धा भाग हाच.

कुठला पाला घ्यायचा?

- गिरिपुष्प (उंदीरमारी): बांधावर फांदी खोचली तरी लागतं. मूळ मध्य अमेरिकेतलं झाड, आता कोकणात सगळीकडे दिसतं. पाल्यात नत्र भरपूर. बी आणि साल विषारी असते, त्यामुळे लहान मुलांपासून लांब.
- टाकळा: पहिल्या पावसानंतर रस्त्याकडेला गालिचा पसरतो. कोवळा टाकळा भाजीला ठेवा. जून झालेला, पण शेंगा न धरलेला पाला खताला घ्या.
- रानमोडी: माळावर माजलेलं तण. फुलं येण्याआधी कापलं तर बी बागेत येत नाही.
- शेवग्याचा पाला: चांगला आहे, पण आधी पोटात जाऊ द्या. उरला तर बादलीत.
- केळीचं खोड: घड कापल्यावर खोड तसंच पडतं. पोटॅशसाठी उत्तम.

तणनाशक मारलेल्या जागेचा, रोग पडलेला किंवा बी धरलेला पाला घेऊ नका.

पद्धत १: पाला आणि पाणी

लागणारं सामान:

- बारीक चिरलेला पाला १ किलो
- पाणी १० लिटर
- २० लिटरची प्लास्टिकची बादली किंवा ड्रम (लोखंड-तांबं नको)
- तोंड बांधायला कापड किंवा गोणपाट
- ढवळायला काठी

कृती:

१. कोयत्याने पाला बोटभर लांबीचा तोडून बादलीत टाका. काड्या नकोत.
२. पाणी ओता. वर चार बोटं जागा सोडा, फेस येतो.
३. हवी तर बागेतली मूठभर माती टाका. पाल्यावर जिवाणू असतातच, माती नसली तरी चालतं.
४. कापड घट्ट बांधा. घट्ट झाकण लावायचं नाही, वायू बाहेर जायला वाट पाहिजे. कापड नसेल तर डास अंडी घालतात, हे विसरू नका.
५. सावलीत ठेवा. दिवसातून एकदा-दोनदा ढवळा. ढवळताना तोंड बादलीवर वाकवू नका.
६. उन्हाळ्यात ७ ते १० दिवस, थंडीत १४ दिवस. फेस थांबला, पाला काळपट होऊन खाली बसला आणि पाणी गडद तपकिरी झालं की तयार.
७. जुन्या कापडातून गाळा. चोथा झाडाच्या बुंध्याशी किंवा खतखड्ड्यात टाका, त्यातही अन्न शिल्लक असतं.

वापर: १ भाग खत आणि १० भाग पाणी. मोठ्या झाडाला एक लिटर, दर दहा-पंधरा दिवसांनी, संध्याकाळी, ओल्या मातीवर. लहान रोपांना १ ला २० भाग. महिन्याभरात संपवा.

पद्धत २: पाला आणि गूळ

पहाटेचे कोवळे शेंडे १ किलो, न धुता. गूळ अर्धा ते एक किलो, किसून. भांड्यात एक थर पाल्याचा, एक गुळाचा असं करत दोन तृतीयांश भरा. एक दिवस वर वजन ठेवा, मग वजन काढून कापड बांधा. ५ ते ७ दिवसांत रस सुटतो. गाळून बाटलीत भरा, झाकण सैल ठेवा, अंधाऱ्या थंड जागी ठेवा. वापरताना एक लिटर पाण्यात २ मिलिलिटर. मापायला औषधाच्या दुकानातली साधी सिरिंज वापरा आणि ती फक्त याच कामाला ठेवा.

पृष्ठभागावर पांढरा पातळ थर आला तर घाबरू नका. काळी-हिरवी बुरशी आली तर सरळ खतखड्ड्यात.

माझं या पद्धतीबद्दल मत स्पष्ट आहे. गूळ विकत घ्यावा लागतो. आमची आई एका वाक्यात सांगते, "गूळ चहाला राहू दे, झाडाला पाला घाल." पुढचा हिशेब बघितला की तिचं म्हणणं पटेल.

पद्धत ३: जीवामृत (तुलनेसाठी)

पाळेकरांचं एक एकराचं माप असं: २०० लिटर पाणी, देशी गाईचं शेण १० किलो, गोमूत्र ५ ते १० लिटर, गूळ १ ते २ किलो, बेसन १ ते २ किलो आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत ४८ तास, दिवसातून दोनदा ढवळायचं, आणि आठवड्याच्या आत वापरायचं. परसबागेसाठी याला वीसने भागा: १० लिटर पाणी, शेण ५०० ग्रॅम, गोमूत्र २५० ते ५०० मिलिलिटर, गूळ आणि बेसन प्रत्येकी ५० ते १०० ग्रॅम.

आता हिशेब: यात खत किती?

इथेच बहुतेक व्हिडिओ गप्प बसतात. आपण ढोबळ गणित करू. फोनचा कॅल्क्युलेटर उघडा.

गिरिपुष्पाच्या १ किलो ओल्या पाल्यात कोरडा भाग साधारण पाव किलोच्या आत. त्यात नत्र ३ ते ४ टक्के. म्हणजे १ किलो पाल्यात नत्र साधारण ७ ते ८ ग्रॅम. सगळं १० लिटरमध्ये उतरलं असं धरू, जे प्रत्यक्षात पूर्ण कधीच उतरत नाही. म्हणजे लिटरला ०.७ ते ०.८ ग्रॅम. ते दहापट पातळ केलं की लिटरला ०.०७ ग्रॅमच्या आसपास.

एका टोमॅटोच्या झाडाने किलोभर फळ द्यायचं तर त्याला अडीच ते तीन ग्रॅम नत्र लागतं. आपण दहा वेळा एकेक लिटर घातलं तरी ०.७ ग्रॅम. म्हणजे गरजेच्या पाव भाग. उरलेलं मातीतून, शेणखतातून, कंपोस्टमधूनच यायला पाहिजे.

गुळाच्या रसाचं बघू. एक किलो पाल्यातलं सगळं नत्र अर्ध्या लिटर रसात आलं असं अगदी उदारपणे धरलं, तरी २ मिलिलिटरमध्ये ०.०३ ग्रॅम येतं. म्हणजे पद्धत १ च्या निम्मंसुद्धा नाही, आणि वर गुळाचा खर्च. याला खत म्हणण्यापेक्षा टॉनिक म्हणा.

जीवामृताचंही तसंच. १० किलो ताजं शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो बेसन, सगळ्यातलं नत्र मिळून साधारण १५० ते २२० ग्रॅम भरतं. तेही एका एकराला. भाताला एक टन दाण्यामागे १५ ते २० किलो नत्र लागतं. पाळेकरांच्या मांडणीतसुद्धा जीवामृत हे जिवाणूंचं विरजण आहे, पोट भरायचं अन्न नाही. त्यांच्या पद्धतीत आच्छादन आणि मिश्रपिकंही आहेत. व्हिडिओत फक्त ड्रम दिसतो, आच्छादन दिसत नाही, आणि गोंधळ तिथे होतो.

प्रोग्रामिंग करणाऱ्यांना हे लगेच समजेल. बादली हे एक फंक्शन आहे. आत जे टाकाल तेच रूप बदलून बाहेर येईल. आंबवल्याने नत्र-पोटॅश वाढत नाही. वाढतो तो वेग.

मग करायचं कशाला?

कारण वेगाला किंमत आहे, पण योग्य महिन्यात.

पावसाळ्यात जमीन ओली असते. पाला नुसता मातीत गाडला किंवा बुंध्याशी पसरला तरी तो आपोआप कुजतो. उलट द्रवखत ओतलं आणि रात्री जोराचा पाऊस आला तर विरघळलेलं नत्र आणि पोटॅश उतारावरून वाहून जातं. आमच्याकडची जमीन उताराची आणि लाल, पाणी थांबतच नाही. म्हणून जून ते सप्टेंबर बादली बंद, पाला थेट जमिनीत.

नोव्हेंबर ते मे उलट स्थिती. जमीन कोरडी, पसरलेला पाला वाळून चुरा होतो, कुजत नाही. तेव्हा बादलीत पाणी असतं, जिवाणू काम करतात आणि झाडाला अन्न आठ-दहा दिवसांत मिळतं. खत पातळ करायला लागणारं पाणी वाया जात नाही, कारण तेवढं पाणी झाडाला द्यायचंच असतं.

आणखी एक गोष्ट. आपल्या भागात भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजतात. टहाळ, पाला, शेण पसरून जाळतात. त्याने तणाचं बी मरतं आणि राखेतून पोटॅश मिळतं, हा फायदा खरा. पण जाळल्यावर पाल्यातलं जवळजवळ सगळं नत्र हवेत जातं. म्हणून सगळाच टहाळ राबाला न टाकता गिरिपुष्पाचा हिरवा पाला वेगळा काढला तर तो जास्त कामाला येतो. डॉ. ना. कृ. सावंत यांच्या चारसूत्री भात लागवडीत गिरिपुष्पाचा पाला लावणीआधी चिखलात मिसळायला सांगितलं आहे, गुंठ्याला साधारण ३० किलो. बघा, तिथे ३० किलो पाला आहे, बादलीतला एक किलो नाही.

फोन कुठे कामाला येतो?

नोंदवही: गुगल शीट्स किंवा साधं नोट्स अ‍ॅप. रकाने असे ठेवा: तारीख, पाला कुठला, वजन, पाणी, वास, फेस, गाळल्याची तारीख, किती पातळ केलं, कुठल्या झाडाला. शीट ऑफलाइन उपलब्ध करून ठेवा, डोंगराआड नेटवर्क जातं. हात घाण असतील तर मराठी व्हॉइस टायपिंग वापरा आणि फोन पारदर्शक पिशवीत ठेवा.

आठवण: 'ढवळणे' असा रोजचा अलार्म आणि 'गाळणे' असा दहाव्या दिवसाचा कॅलेंडर इव्हेंट. बादली विसरणं हे खत बिघडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण.

हवामान: 'मेघदूत' अ‍ॅप. भारतीय हवामान विभाग, पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आणि भारतीय कृषी संशोधन परिषद यांनी २०१९ साली आणलं. जिल्ह्याचा अंदाज आणि मंगळवारी-शुक्रवारी पिकांचा सल्ला मराठीत मिळतो. पुढच्या दोन दिवसांत पाऊस दिसला तर खत घालू नका.

फोटो: पानाचा रंग बदलला का हे बघायचं तर फोटो एकाच वेळी, सावलीत, पानामागे पांढरा कागद धरून काढा. फोनचा कॅमेरा प्रत्येक फोटोत रंग आपोआप दुरुस्त करतो. पांढरा कागद असला की दोन फोटो एकमेकांशी ताडून बघता येतात.

फोन काय करू शकत नाही: फोटोवरून मातीतलं किंवा खतातलं नत्र, स्फुरद, पालाश मोजता येत नाही. कॅमेरा फक्त लाल, हिरवा, निळा प्रकाश टिपतो. पाण्यात विरघळलेलं नत्र त्याला दिसत नाही. असा दावा करणारं अ‍ॅप दिसलं तर पुढे चला. खरं मोजमाप माती परीक्षण प्रयोगशाळेत होतं.

स्वस्तात करता येतील अशा तीन चाचण्या

१. जास्वंदीची चाचणी. लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवून रंग काढा. खत दहापट पातळ करून त्यात हा रंग टाका. गुलाबी-लाल झाला तर आम्लधर्मी, हिरवट झाला तर अल्कधर्मी. गुळाचा रस गुलाबीच यायला पाहिजे. नाही आला तर तो आंबला नाही, सडला.

२. मेथीची चाचणी. दोन ताटल्यांत ओलं फडकं, प्रत्येकी २० मेथीदाणे. एकीत साधं पाणी, दुसरीत पातळ केलेलं खत. तीन-चार दिवसांनी मोड मोजा. पाण्याच्या ताटलीत १८ आणि खताच्या ताटलीत १० उगवले तर खत फार तीव्र आहे, अजून पातळ करा.

३. टीडीएस पेन. पाण्याचा फिल्टर तपासायला वापरतात तोच. आधी साध्या पाण्याचं रीडिंग, मग पातळ खताचं. दोन्हींतला फरक म्हणजे खताने टाकलेले क्षार. रोपांसाठी फरक ५०० पीपीएमच्या आत, मोठ्या झाडांसाठी १००० च्या आत ठेवा. लक्षात ठेवा, पेन क्षार किती ते सांगतं, कुठले ते सांगत नाही.

खरंच फायदा झाला का? ए-बी टेस्ट करा

अ‍ॅप कंपन्या नवीन बटण सगळ्यांना एकदम देत नाहीत. काही लोकांना जुनं, काहींना नवीन दाखवतात आणि आकडे बघतात. बागेतही तेच करा. एकाच दिवशी, एकाच मातीत, सारख्या ऊनसावलीत पालकाच्या तीन ओळी पेरा. पहिलीला नुसतं पाणी. दुसरीला बादलीचं खत. तिसरीला तेवढाच पाला बुंध्याशी पसरून वर तेवढंच पाणी. कापणीला प्रत्येक ओळीचं वजन तराजूवर करा आणि शीटमध्ये लिहा. दोन हंगाम केलं की तुमच्या मातीचं उत्तर तुमच्याच हातात येतं.

नुसता 'आधी-नंतर'चा फोटो पुरावा नसतो. महिनाभरात झाड तसंही वाढतंच.

सुरक्षा: हे वाचल्याशिवाय सुरू करू नका

- खत कोल्ड्रिंकच्या किंवा पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत भरायचं नाही. तपकिरी रंग सरबतासारखा दिसतो आणि घरात लहान मुलं असतात. दुसरी बाटली नसेल तर लेबल फाडा, मोठ्या अक्षरात 'खत, विष' लिहा आणि उंच ठेवा.
- आंबणारा रस घट्ट बंद बाटलीत ठेवला तर वायूने बाटली फुटते.
- शेण असलेलं कुठलंही द्रव पालेभाजीच्या पानांवर फवारू नका. शेणात ई. कोलाय, साल्मोनेला असू शकतात. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत न कुजवलेलं शेण आणि कापणी यांत अंतर ठेवावं लागतं: भाजी मातीला टेकत असेल तर १२० दिवस, नसेल तर ९० दिवस. कच्ची खायची काकडी, मुळा, कोथिंबीर यांच्यासाठी पाला-पाण्याचं खतच बरं, तेही मातीत, आणि भाजी स्वच्छ धुऊन.
- हाताला जखम असेल तर हातमोजे. काम झालं की साबण.

"बाकी सगळं बंद करू का?"

एकदम नको. श्रीलंकेने २०२१ च्या एप्रिलमध्ये रासायनिक खतांची आयात अचानक थांबवली. भाताचं उत्पादन घसरलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बंदी मागे घ्यावी लागली. सिक्कीमने २००३ मध्ये सुरुवात केली आणि २०१६ च्या जानेवारीत पूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून जाहीर झालं. मध्ये बारा-तेरा वर्षं गेली. केंद्र सरकारने २५ नोव्हेंबर २०२४ ला राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला मंजुरी दिली, तेव्हा या विषयावरचे व्हिडिओ अजून वाढणार. बघताना चार प्रश्न विचारा: माप सांगितलंय का? बाजूला साध्या पाण्याचं झाड दाखवलंय का? आच्छादन आणि शेणखत किती घातलं ते सांगितलंय का? आणि शेवटी कुठली बाटली विकतायत का?

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

फ्लॅटच्या गॅलरीत करता येईल का? पद्धत १ चा वास शेजाऱ्यांना चालणार नाही. दोन लिटरच्या भांड्यात पद्धत २ करता येते. पण पाच-सहा कुंड्यांसाठी भाजीच्या देठांचं कंपोस्ट जास्त सोपं आणि जास्त पोषक.

पानांवर फवारू का? मातीत घालणं जास्त भरवशाचं. फवारायचंच असेल तर दोनदा गाळा, नाहीतर नोझल तुंबतं. उन्हात फवारू नका.

झाडाची पानं कडेने करपली, काय करू? खत तीव्र झालं. लगेच साधं पाणी भरपूर द्या आणि दोन आठवडे खत बंद.

खालची पानं पिवळी पडतायत, खत वाढवू का? आधी बोट मातीत घालून बघा. माती चिखलासारखी असेल तर पाणी जास्त झालंय, खताचा प्रश्न नाही. माती ठीक असेल आणि जुनी पानं पिवळी पडत असतील तर नत्र कमी असू शकतं. बादलीचं खत आत्ताच्या गरजेला द्या आणि बुंध्याशी दोन ओंजळी कुजलेलं शेणखत घाला, पुढच्या दोन महिन्यांसाठी.

वर्षभराचं वेळापत्रक काय ठेवू? जून ते सप्टेंबर पाला जमिनीत. ऑक्टोबरमध्ये वाफे करताना शेणखत किंवा कंपोस्ट. नोव्हेंबर ते मे दर पंधरा दिवसांनी बादली. मे महिन्यात गिरिपुष्पाच्या फांद्या तोडून ठेवा आणि पहिला पाऊस पडला की बांधावर खोचा. पुढच्या वर्षीचा पाला तिथूनच येणार आहे.